पाच किलोमीटरच्या आतलं लिंबुर्ग

युरोपात आज लिंबुर्ग नावाचे दोन प्रांत आहेत. एक नेदरलँड्समध्ये, एक बेल्जियममध्ये. ज्या गावावरून त्यांना हे नाव पडलं, ते गाव दोन्हींत नाही.

अळीव पेरल्यावर ऊब लागते. ती कुठून आणायची हे पाकिटावर लिहिलेलं नसतं.

बाल्कनीत कपडे वाळत घालायला बंदी. बाल्कनीत सायकल ठेवायला बंदी. बाल्कनीत शेगडी पेटवायला बंदी. मातीबद्दल अवाक्षर नाही.

"पोरगी मराठी बोलती न्हवं?"

"पाण्यासारखी, नाना."

तेराव्या शतकात वालेरान नावाचा एक ड्यूक वारला. त्याला मुलगा नव्हता.

टोपीत चिठ्ठ्या होत्या. ईफाला बर्गंडी मिळाली.

"डिकीत काय आहे?"

"माती."

"कसली माती?"

"चिकट."

*

वरच्या गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, असं कोणी त्या शरद ऋतूत हर्षवर्धनला सांगितलं असतं, तर त्याने त्या माणसाला म्यूट केलं असतं. म्यूट करणं हा २०२० सालातला त्याचा मुख्य उद्योग होता. तो आयर्लंडच्या पश्चिमेला, शॅननच्या एका कारखान्यात क्वालिटीत होता. मार्चपर्यंत आठवड्याचे चार दिवस तिकडे राहायचा आणि उरलेले तीन दिवस डब्लिनमधल्या सँडीफोर्डच्या फ्लॅटमध्ये पाहुण्यासारखा वावरायचा. मार्चनंतर तो बेडरूममध्ये राहू लागला. त्याच्या बायकोला, विद्याला, वाटलं होतं की नवरा घरी आला. प्रत्यक्षात कारखाना घरी आला होता आणि बेडरूमचं दार लावून बसला होता.

ऑक्टोबरच्या शेवटी, मुलांच्या मिडटर्मच्या सुट्टीत, पोर्टलीशहून विभावरीताईंचा मेसेज आला. विभावरीताई आयर्लंडमधल्या मराठी मंडळाच्या सांस्कृतिक प्रमुख. त्यांच्या मेसेजमध्ये सूचना कमी आणि 'आवर्जून' हा शब्द जास्त असे. यंदा दिवाळी पहाट नाही, फराळ नाही, हॉल नाही. सबब ऑनलाइन किल्ला स्पर्धा. किल्ला मातीचाच असावा. घरातल्या मुलाने किंवा मुलीने किल्ल्याची माहिती मराठीतून सांगावी. भारतातल्या आजी-आजोबांना आवर्जून जोडून घ्यावे.

हर्षवर्धन अडकला तो शेवटच्या दोन वाक्यांवर.

त्याचं असं होतं. त्याची मुलगी स्वानंदी नऊ वर्षांची. मराठी तिला सगळं कळायचं. 'पसारा आवर' कळायचं, 'उद्धटपणा पुरे' कळायचं, आईबाबा कुजबुजत काय बोलतात तेही कळायचं. उत्तर मात्र डब्लिनहून यायचं. "जेवलीस का?" "आय डिड, येह." "अभ्यास झाला?" "यू'र ग्रँड, बाबा." आणि कराडला त्याचे वडील, नाना, होते, सहकारी साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांना हर्षवर्धन गेली काही वर्षं सांगत आला होता की नात मराठी पाण्यासारखी बोलते, फक्त फोनवर लाजते. एकदा सुरुवात केल्यावर हे थांबवायची जागा सापडली नाही. मग नात श्लोक म्हणू लागली, मग नात मराठीत पत्र लिहू लागली. (पत्र पोस्टात गहाळ झालं. आयरिश पोस्टावर एवढा एक अन्याय त्याच्या हातून झाला.) एप्रिलमध्ये नाना डब्लिनला यायचे होते. विमानं बंद झाली तेव्हा हर्षवर्धनने फोनवर फार मोठा उसासा टाकला. त्यातला अर्धा सुटकेचा होता.

आता नाना झूमवरून येणार होते. झूमला कोण बंद करणार?

*

"आपण राजगड करू," हर्षवर्धन त्या रात्री जेवताना म्हणाला. "बालेकिल्ला, तीन माच्या. मी सहावीत असताना केला होता."

"नो," स्वानंदी म्हणाली. "लिंबुर्ग."

"लिंबू काय?"

"लिंबुर्ग, बाबा. इट वॉज अ डची."

विद्याने खुलासा केला. शाळेत बाईंनी टोपीत चिठ्ठ्या टाकल्या होत्या, प्रत्येक चिठ्ठीवर मध्ययुगातलं एक बुडालेलं राज्य. ज्याला जे येईल त्यावर वर्गात बोलायचं. ईफाला बर्गंडी आली. बर्गंडीत द्राक्षं होती, शूरवीर होते, नकाशा पानभर होता. स्वानंदीला लिंबुर्ग आलं.

"म्हणजे शाळेचं आहे," हर्षवर्धन म्हणाला.

स्वानंदी पोळीचा तुकडा मोडत होती. "म्म," ती म्हणाली.

शाळेचं म्हटल्यावर मराठी मध्यमवर्गीय बापाच्या अंगात जे संचारतं, ते त्याच्या अंगात संचारलं. एकच किल्ला, शाळेलाही चालेल आणि मंडळालाही. स्वानंदीला झोपवून त्याने लॅपटॉप उघडला आणि लिंबुर्गच्या मागे लागला.

लिंबुर्ग मोठं चमत्कारिक निघालं. म्यूझ नदी आणि आखेन शहर यांच्या मधे कुठेतरी पसरलेली डची, म्हणजे ड्यूकचं एक लहानसं संस्थान. वेद्र नावाच्या नदीच्या वळणावर खडक, खडकावर गड, गडावर ड्यूक. प्रजेतले काही जण एक भाषा बोलायचे, काही दुसरी, काही तिसरी. हे वाचून हर्षवर्धनला आपल्या जेवणाच्या टेबलाची आठवण झाली. पुढे राज्य बुडालं. पाच-सहा शतकांनी एका डच राजाला वाटलं की इतकं चांगलं नाव फुकट जाऊ नये, म्हणून त्याने ते बाजूच्याच, बहुतेक भलत्याच मुलखाला देऊन टाकलं. मग त्या मुलखाचेही दोन तुकडे झाले आणि दोघांनी नाव ठेवून घेतलं. मूळ गाव राहिलं तिसऱ्याच प्रांतात. तिथलं वासाचं चीज जगभर नावाजलं, तर तेही आता बरंचसं जर्मनीत बनतं. एखाद्या बिल्डरने मुळशीच्या पलीकडे इमारत बांधून तिला 'डेक्कन हाइट्स' म्हणावं आणि पुढे लोकांनी खऱ्या डेक्कनचा पत्ता विसरावा, तसं हे होतं. हर्षवर्धन पुण्यात शिकलेला होता. त्याला लिंबुर्ग लगेच कळलं.

*

मध्येच एक: खरं तर हर्षवर्धन कराडचा. पुण्यात इंजिनिअरिंगला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात तो "मी आलतो" म्हणाला आणि अख्खी मेस हसली. त्यानंतर त्याने कराड जिभेवरून असं घासून काढलं, की आता त्याचं मराठी आकाशवाणीला लाजवेल. फक्त नानांशी बोलताना तो वाक्यं लहान ठेवायचा.

*

किल्ला कुठे करायचा, हा पहिला प्रश्न. फ्लॅट चौथ्या मजल्यावर. "कार्पेटवर मातीचा एक कण दिसला तर मी तुला लिंबुर्गला पाठवीन. दोन्हीपैकी कुठल्याही," विद्या म्हणाली. बाल्कनीत करावा, तर इमारतीच्या व्यवस्थापनाची परवानगी हवी. हर्षवर्धनने गुपचूप केला असता तर कोणी विचारलंही नसतं. पण तो क्वालिटीतला माणूस. त्याने ईमेल लिहिला. विषय: 'बाल्कनीवर तात्पुरत्या मध्ययुगीन वास्तूबाबत.'

व्यवस्थापनाच्या डेक्लनचं उत्तर आलं. बाल्कनीचा भार किती, वास्तूचं वजन किती, ओली असताना किती, ती पडल्यास कोणावर पडेल. शेवटी 'काइंड रिगार्ड्स'.

उत्तर वाचून स्वतः हर्षवर्धनच बाल्कनीत जायला बिचकू लागला.

वाचवलं उपेंद्रने. उपेंद्र नागपूरचा, तळमजल्याला राहणारा, आणि त्याच्या फ्लॅटला पुढे फरशीचा चौक होता, कमरेएवढ्या कठड्याचा. "अरे भाऊ, काहून टेन्शन घेऊन राहिला?" तो म्हणाला. "माझ्या इथे कर ना. मी आतून हात लावतो, तू बाहेरून लाव. नियम पण मोडत नाही."

नियम खरंच मोडत नव्हता. लॉकडाऊनमध्ये दुसऱ्याच्या अंगणात पाऊल टाकायला मनाई होती. कठड्यावरून हात आत घालण्याबद्दल सरकारने काही म्हटलेलं नव्हतं. असा तो किल्ला कठड्याला चिकटून उभा राहायचं ठरलं. आतून उपेंद्रचा, बाहेरून हर्षवर्धनचा. मध्ययुगात सरहद्दी अशाच पडत असाव्यात.

मग माती. हार्डवेअरच्या दुकानात पिशवीबंद कंपोस्ट मिळालं. ते हलकं, भुसभुशीत, मुठीत धरलं की बोटांतून सांडायचं. त्यात तुळस येते, तट उभा राहत नाही. शेजारच्या ब्रीडाने, म्हणजे सत्तरी ओलांडलेल्या, रोज खिडकीतून सगळ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या बाईने, कपाळावर हात मारला. "माती म्हणजे माझ्या भावाच्या शेतातली. ग्लेनकलनला. अशी चिकट की त्याचे दोन बूट अजून आत आहेत."

लॉकडाऊनमध्ये घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला मनाई होती, म्हणून हर्षवर्धनने फोनवर घराभोवती तेवढं वर्तुळ काढलं. त्या दिवसांत प्रत्येकाचं असं एक गोल संस्थान होतं. याच्या संस्थानाच्या उत्तरेला डंड्रम, पूर्वेला घोड्यांच्या शर्यतीचं मैदान, दक्षिणेला स्टेपसाइडचा चढ. ब्रीडाच्या भावाचं शेत सरहद्दीच्या नेमकं पलीकडे होतं. शेताचं फाटक वर्तुळात, माती बाहेर.

तो गेला. परत येताना स्टेपसाइडला गार्डाने गाडी थांबवली. तरुण पोलीस, मास्कच्या वर दमलेले डोळे.

"डिकीत काय आहे?"

"माती."

"कसली माती?"

"चिकट." हर्षवर्धनला वाटलं, एवढ्याने भागणार नाही. "किल्ल्याची. म्हणजे लिंबुर्गच्या. तसा तो आता दोन्ही लिंबुर्गांत नाही, पण—"

गार्डाने डिकी उघडायला लावली. आत गादीच्या चादरीवर ओलसर तपकिरी ढीग होता आणि ढिगातून एक जुना रबरी बूट वर आला होता. गार्डाने बुटाला बोट लावून पाहिलं.

"मुलीचा शाळेचा प्रोजेक्ट आहे," हर्षवर्धन शेवटी म्हणाला.

गार्डाचा चेहरा एकदम माणसासारखा झाला. "मी पण गेल्या रविवारी अख्खा दिवस ज्वालामुखी केला," तो म्हणाला. "जा. आणि तो बूट ज्याचा असेल त्याला दे."

*

पहिल्या दिवशी स्वानंदी खाली आली. तिने बाह्या वर केल्या, मातीत कोपरापर्यंत हात घातले आणि खडक थापायला लागली.

"थांब थांब थांब," हर्षवर्धन म्हणाला. "आधी उतार मोजू दे."

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा म्हणाला, "आत्ता हात लावू नकोस, तट ओला आहे."

तिसऱ्या दिवशी ती मूर्तींचं खोकं घेऊन आली. पुण्याहून आणलेलं, कपाटात वरच्या फळीवर ठेवलेलं. त्यात मावळे, तोफा, एक वाघ, एक गवळण आणि सिंहासनावरचे महाराज. स्वानंदीने डोक्यावर मडकं असलेली गवळण उचलली आणि खडकाच्या टोकावर ठेवली. "शी'ज इर्मगार्ड," ती म्हणाली. "द डचेस."

"अगं, गवळण डचेस कशी असेल? मडकं आहे तिच्या डोक्यावर."

"सो?"

"आणि त्या तोफा पण नको. त्या काळी तोफा नव्हत्या तिकडे."

"बट इर्मगार्ड वॉज," स्वानंदी म्हणाली.

"किल्ल्यावर महाराज नाही म्हणजे?" कठड्याच्या आतून उपेंद्र उठला. "भाऊ, हे चालत नाही. तू डच कर, डोसा कर, महाराज वर पाहिजेत."

यावर बराच खल झाला. परक्या मुलखातल्या, चारशे वर्षं आधीच्या गडावर महाराजांना बसवणं हर्षवर्धनच्या इतिहासबुद्धीला पटेना. खोक्यात परत ठेवणं दोघांच्याही हातून होईना. शेवटी उपेंद्रच्या बायकोने, निशिगंधाने, आतून पाट आणला, त्यावर शेला घातला, आणि महाराज बाजूला, स्वतंत्र, सन्मानाने, कार्यक्रमाच्या अध्यक्षस्थानी बसले. हा तोडगा सगळ्यांना इतका आवडला की स्वानंदी कधी वर निघून गेली ते कोणाच्या लक्षात आलं नाही. गवळण कठड्यावर आडवी पडली होती.

त्यानंतर स्वानंदी खाली आली नाही. भाषण मात्र हर्षवर्धनने तिच्यासाठी लिहिलं. "युरोप खंडाच्या वायव्य भागात, वेद्र नदीच्या तीरी वसलेल्या या दुर्गम दुर्गाचा इतिहास अत्यंत उद्बोधक आहे." स्वानंदी ते पाठ करताना प्रत्येक 'र्ग'वर थांबायची आणि खोल श्वास घ्यायची, पोहायला उतरणाऱ्या माणसासारखी.

"बाबा, व्हॉट्स उद्बोधक?"

"ते महत्त्वाचं नाही. नुसतं म्हण."

*

वालेरान वारल्यावर डची त्याच्या मुलीला मिळाली. तिचं नाव इर्मगार्ड. चारएक वर्षांत तीही वारली, मूलबाळ नसताना. मग तिचा नवरा म्हणाला, राज्य माझं. तिचा चुलतभाऊ म्हणाला, राज्य माझं. चुलतभावाच्याने लढणं होईना, तेव्हा त्याने आपला हक्क ब्राबांतच्या ड्यूकला विकून टाकला. पाच वर्षं लढाया. १२८८ साली कोलोनजवळ मोठं युद्ध झालं, ब्राबांत जिंकलं, लिंबुर्ग संपलं.

*

दिवाळीच्या दोन दिवस आधी मंडळाने स्पर्धकांची नावं ग्रुपवर टाकली. हर्षवर्धनने आपलं नाव पाहिलं: 'स्वानंदी, सँडीफोर्ड. किल्ला: लिंबुर्ग.' समाधानाने त्याने खालची ओळ वाचली: 'अद्वैत, वय तीन, सँडीफोर्ड. किल्ला: देवगिरी.'

अद्वैत उपेंद्रचा मुलगा. सँडीफोर्डमध्ये दुसरा किल्ला नव्हता.

हर्षवर्धन चपला न घालता खाली गेला.

"हा काय प्रकार आहे?"

"कोणता?" उपेंद्र कठड्यापलीकडे अळिवावर पाणी शिंपडत होता. अळीव उगवला नव्हता.

"माझा किल्ला तू देवगिरी म्हणून दिलास!"

"तुझी बाजू लिंबुर्ग. माझी बाजू देवगिरी. आतून पाह्य ना, एकदम देवगिरी दिसते."

"माती मी आणली. गार्डाला तोंड मी दिलं!"

"चौक कोणाचा आहे बावा?"

"उद्या तू म्हणशील आयर्लंड पण तुझं!"

ब्रीडाने खिडकी आणखी उघडली. विद्या कचरा टाकायला खाली आली होती. पिशवी हातात धरून ती थोडा वेळ ऐकत राहिली. "तुम्हाला कळतंय ना, तुम्ही बाराशे अठ्ठ्याऐंशी करताय?" ती म्हणाली आणि वर गेली.

कळत होतं. म्हणून तर हर्षवर्धन जास्त चिडला. ब्राबांत कोण आणि चुलतभाऊ कोण, याचा निकाल लागायच्या आत डेक्लनचा ईमेल येऊन थडकला: तळमजल्यावर विनापरवाना बांधकाम आढळले आहे, ते हटवावे. आता दोन्ही राज्यांवर तिसऱ्याचंच संकट आलं. ब्रीडाने खिडकीतून सल्ला दिला, "धार्मिक आहे म्हणून कळवा. हात लावायची छाती होणार नाही त्यांची." दोघांनी मिळून, एकमेकांकडे न बघता, तसं कळवलं. डेक्लनने उलट टपाली विचारलं की धार्मिक असेल तर दिवे लागणार का, आणि लागणार असतील तर आगीचा धोका तपासला आहे का.

आगीचा धोका नव्हता. शुक्रवारी रात्री जो पाऊस सुरू झाला, त्यात समई काय, होळी पेटली नसती.

*

शनिवारी दुपारी लिंबुर्ग हटवायची गरज उरली नव्हती. खडक आधी बसला, मग पसरला. वेद्र नदी स्वतःहून वाहू लागली आणि उपेंद्रच्या चौकातल्या जाळीत तुंबली. तट होते तिथे एक गुळगुळीत उतार होता. पाटावरचे महाराज, निशिगंधाने वेळीच उघडलेल्या छत्रीखाली, कोरडे आणि निर्विकार.

"पुढचे स्पर्धक," विभावरीताई झूमवर म्हणाल्या, "सँडीफोर्डहून... दोन आहेत का? आवर्जून कॅमेरे सुरू करा."

पडद्यावर दोन चौकोन उघडले. एकात चिखलाचा ढीग डावीकडून दिसत होता, दुसऱ्यात तोच उजवीकडून. डाव्या चौकोनात हर्षवर्धन छत्री आणि फोन सांभाळत कठड्याबाहेर उभा. उजव्यात उपेंद्र, खांद्यावर गाढ झोपलेला अद्वैत.

आणि वरच्या कोपऱ्यात, टोपी घालून, कॅमेऱ्याच्या फार जवळ बसल्यामुळे निम्मेच दिसणारे नाना.

"हर्षा, किल्ला कुठाय रं?"

"नाना, जरा नेटवर्क..."

"नेटवर्क झ्याक हाय. चिकूल दिसतोय."

हर्षवर्धनने ठरवलं. कॉल तोडायचा. वीज गेली म्हणून सांगायचं. सँडीफोर्डमध्ये वीज जात नाही हे कराडला कोणाला माहीत आहे? अंगठा त्या लाल बटणापाशी गेला होता, तेवढ्यात त्याच्या कोपराखालून स्वानंदी पुढे आली. शाळेचा रेनकोट, पायात वेलीज, म्हणजे रबरी बूट. तिने ढिगात हात घातला, थोडं चाचपलं आणि गवळण बाहेर काढली. मडकं तुटलं होतं. तिने ती रेनकोटला पुसली आणि कॅमेऱ्यापुढे धरली.

हर्षवर्धन पुटपुटला, "युरोप खंडाच्या वायव्य..."

"नाना," स्वानंदी म्हणाली, "ही इर्मगार्ड हाय."

पाऊस छत्रीवर वाजत होता.

"हिचा बाबा ड्यूक हुता. त्यो मेला. हिला भाऊ न्हवता, म्हून समदा किल्ला हिला घावला. मग ही बी मेली. शी वॉज ओन्ली, लाइक, लई बारकी. मग हिचा नवरा म्हनला माजा किल्ला, कझिन म्हनला माजा किल्ला. लई भांडले. फाइव्ह इयर्स." तिने उपेंद्रकाकाकडे पाहिलं, मग बाबाकडे. "कुनी किल्ल्याकडं बगितलंच न्हाय. मग त्यो असा झाला."

तिचा प्रत्येक 'र' थेट डब्लिनचा होता आणि बाकी सगळं कराडचं. अठराव्या वर्षापासून हर्षवर्धनने ज्या ज्या शब्दाला हाकलून दिलं होतं, तो तो शब्द रेनकोट घालून परत आला होता. पुण्या-मुंबईच्या साठ-सत्तर घरांसमोर, आवाज पूर्ण मोठा ठेवून.

"लई ब्येस!" नाना टोपी काढून म्हणाले. "आन् त्या चीजचं सांग की. वास मारतंय ते."

"नाना, ते तुमाला काल सांगितलं ना!"

"काल?" हर्षवर्धन म्हणाला.

"आमी बोलतो की," नाना म्हणाले. "तुज्या मीटिंगा चालू असत्यात तवा. तू दार लावून बसतोस न्हवं? मार्चपास्नं चाललंय. पयल्यांदा 'येस, नो' करायची. म्या म्हनलं, बाळा, मला इंग्लिश येत न्हाय. खोटंच सांगितलं. कारखान्यात समदी मॅन्युअलं म्याच वाचायचो." ते थांबले. "आन् पत्र काय मिळालं न्हाय हां मला अजून."

हर्षवर्धनने विद्याकडे पाहिलं. ती चौथ्या मजल्याच्या बाल्कनीत, परवानगी नसलेल्या खुर्चीत बसून, खाली बघत चकली खात होती. तिने चकलीवाला हात हलवला.

निकाल रात्री लागला. उत्तेजनार्थ पहिलं: 'अद्वैत, वय तीन. देवगिरी (अतिवृष्टीनंतर).' लिंबुर्गला क्रमांक नाही. पण खाली विशेष उल्लेख होता: 'कु. स्वानंदी, अस्सल ग्रामीण बोलीबद्दल. घरात बोली जपल्याबद्दल वडिलांचे आवर्जून अभिनंदन.' हर्षवर्धनने ते चार वेळा वाचलं. आपला सत्कार झाला की आपण पकडले गेलो, हे त्याला चारही वेळा ठरवता आलं नाही. उत्तर म्हणून त्याने हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

रविवारी पाऊस थांबला. उपेंद्र आतून आणि हर्षवर्धन बाहेरून डची फावड्याने भरू लागले. पहिली पिशवी मुकाट्याने भरली. दुसरीच्या वेळी उपेंद्र म्हणाला, "भाऊ, पुढच्या वर्षी राजगड कर. मी मधे येत नाही." हर्षवर्धन म्हणाला, "तू आतून कर. मी फक्त माती आणीन." ब्रीडाने तो बूट खिडकीत वाळत ठेवला होता. डेक्लनचा ईमेल आला: सहकार्याबद्दल आभार, काइंड रिगार्ड्स.

स्वानंदी बादली घेऊन खाली आली. अळिवाचा एकमेव कोंब तिला चिखलात सापडला होता. तो तिने दह्याच्या डब्यात लावला आणि गवळण त्याच्या शेजारी खोचली.

"शाळेत दाखवायला फोटो काढू का?" हर्षवर्धनने विचारलं. "बाईंना पाठवू. पडला तो पडला, पण केला होता म्हणावं."

"नको," ती म्हणाली. मग फावड्याकडे हात पुढे केला. "मला दे की. तुला येत न्हाय."

त्याने दिलं.

लिंबुर्गवरचं स्वानंदीचं शाळेतलं बोलणं मिडटर्मच्या सुट्टीच्या आधीच होऊन गेलं होतं; शाळेने किल्ला मागितलाच नव्हता.